शंभर वर्षांची वाटणी

१९६३ सालच्या ऑगस्ट महिन्यात लोकसभेत झालेला एक वाद 'तीन आणे की पंधरा आणे' या नावाने प्रसिद्ध आहे. देशातील सत्तावीस कोटी माणसे रोज तीन आण्यांवर दिवस काढतात, असे डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभागृहात सांगितले. पंतप्रधान नेहरूंना हा आकडा मान्य नव्हता. त्यांनी पंधरा आण्यांचा आकडा दिला. पुढे सरकारपक्षाकडूनच साडेसात आण्यांचा तिसरा आकडा आला. दशमान नाणी १९५७ सालीच सुरू झाली होती; पण गरिबाचा हिशेब अजून आण्यांतच होत होता आणि लोकसभेनेही तो आण्यांतच केला.

एकाच देशातील माणसांच्या मिळकतीविषयी असे तीन आकडे कसे निघाले? याचे उत्तर समजले तर आजच्या विषयाचे दार उघडले असे आम्ही समजतो. पंधरा आणे ही साऱ्या देशाची सरासरी होती. लोहियांचा प्रश्न सरासरीचा नव्हता. तळच्या साठ टक्के लोकांचा होता. दहा जणांच्या पंगतीत दोघांच्या पानात दहा-दहा जिलब्या वाढल्या आणि आठ जण कोरडे उठले, तरी सरासरी माणशी दोन जिलब्यांची निघते. सरासरी खोटे बोलत नाही. पण ती कोणाचे पान भरले आणि कोणाचे रिकामे राहिले ते सांगत नाही. ते सांगणारे शास्त्र म्हणजे विषमतेचे मापन.

कोटींचे आकडे मनात ठरत नाहीत, म्हणून आपण हा मंडपच देश समजू. येथे शंभर खुर्च्या आहेत आणि भारतातील सारी प्रौढ माणसे त्यांवर मिळकतीच्या क्रमाने बसली आहेत. सर्वांत श्रीमंत पहिल्या खुर्चीवर, सर्वांत गरीब शंभराव्या खुर्चीवर. देशाचे वर्षाचे उत्पन्न शंभर रुपये धरू व ते वाटू. नितीन कुमार भारती, लुका शांसेल, तोमा पिकेटी आणि अनमोल सोमंची या चार अभ्यासकांनी २०२४ साली जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यानुसार २०२२-२३ या वर्षाची वाटणी अशी होते. पहिल्या खुर्चीला २२ रुपये ६० पैसे. तिच्यामागच्या नऊ खुर्च्यांना मिळून ३५ रुपये १० पैसे. त्यानंतरच्या चाळीस जणांना मिळून २७ रुपये ३० पैसे. आणि उरलेल्या पन्नास जणांना मिळून १५ रुपये, म्हणजे माणशी तीस पैसे. पहिल्या खुर्चीवरचा गृहस्थ मागच्या पन्नासांपैकी एकेकाच्या पंचाहत्तरपट मिळवतो.

हेच प्रत्यक्ष रुपयांत सांगायचे तर मागच्या पन्नास जणांचे सरासरी उत्पन्न वर्षाला सुमारे ७१ हजार रुपये, म्हणजे महिन्याला सहा हजारांच्या आत आहे. पहिल्या शतांशाचे वर्षाला सुमारे ५३ लाख आहे. आता आपण स्वतःला विचारू की, आपली खुर्ची कोणती? व्याख्यानाला येणारा बहुतेक शहरी माणूस स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवतो आणि मध्यमवर्ग म्हणजे मंडपाच्या मधोमध, अशी त्याची समजूत असते. पण याच अंदाजानुसार वर्षाला सुमारे २ लाख ९० हजार रुपये मिळवणारा प्रौढ माणूस पहिल्या दहा खुर्च्यांत येऊन बसतो. महिन्याला पंचवीस हजार मिळवून ते पुरत नाहीत अशी तक्रार करणारा माणूस खोटे बोलत नसतो. पण त्याच्यामागे नव्वद खुर्च्या आहेत, हे त्याला माहीत नसते. आपण पुढे पाहतो, मागे वळून पाहत नाही.

येथे एक शंका कोणीही घेईल. भारत हा जगातील अत्यंत समतोल देशांपैकी एक आहे, अशी बातमी २०२५ साली वर्तमानपत्रांत आली होती. मग हे मंडपाचे गणित कसे जुळायचे? दोन्ही विधानांच्या मापपट्ट्या वेगळ्या आहेत, हे त्याचे उत्तर. इटालियन संख्याशास्त्रज्ञ कोर्रादो जिनी यांनी १९१२ साली विषमतेचा एक निर्देशांक सुचवला. सर्वांना सारखे मिळाले तर तो शून्य येतो आणि सारे एकालाच मिळाले तर शंभर. जागतिक बँकेने २०२५ साली भारतासाठी जो आकडा दिला तो २५.५, म्हणजे फार कमी. पण तो उत्पन्नाचा नव्हे, घरखर्चाचा आकडा होता. उत्पन्नाच्या विषमतेचा निर्देशांक २०२३ मध्ये ६२ असल्याचा दुसरा अंदाजही बँकेच्या त्याच टिपणात नमूद केलेला होता. बातमीत पहिला आकडा ठळक झाला, दुसरा मागे राहिला.

खर्च आणि उत्पन्न यांत एवढे अंतर का पडावे? गरिबाला मिळालेला सारा पैसा खर्च होतो. पुष्कळदा उसनवारही करावी लागते. श्रीमंत माणूस खाऊन खाऊन किती खाईल? त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग शिलकीत पडतो, त्या शिलकीतून जमीन, सदनिका, शेअर घेतले जातात आणि ते खर्चाच्या वहीत येत नाहीत. शिवाय घरोघर फिरून खर्च विचारणाऱ्या पाहणीदाराला अतिश्रीमंताचे फाटक सहसा उघडत नाही. म्हणून खर्चाच्या पट्टीने विषमता लहान दिसते, उत्पन्नाच्या पट्टीने मोठी आणि संपत्तीच्या पट्टीने सर्वांत मोठी. खर्च म्हणजे आजचे ताट, उत्पन्न म्हणजे या वर्षीचे पीक आणि संपत्ती म्हणजे शेत. विषमतेवर कोणी आकडा सांगितला की तो ताटाचा, पिकाचा की शेताचा, एवढे आधी विचारावे.

उत्पन्नाची ही शंभर वर्षांची कथा आपल्याला कळते ती प्राप्तिकर खात्याच्या कोष्टकांवरून. १९२२ साली प्राप्तिकराचा नवा कायदा झाला आणि त्या सुमारापासून किती लोकांनी किती उत्पन्नावर कर भरला याचे आकडे सरकार छापू लागले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या अंदाजाशी व घरोघरच्या पाहण्यांशी ही कोष्टके ताडून पाहिली की वरच्या थराचा वाटा काढता येतो. या साधनात दोष आहेत हे आम्ही लपवीत नाही. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा कर नाही, करचुकवेगिरी आहे, आजही विवरणपत्र भरणारे प्रौढांत दहांत एक इतकेसुद्धा नाहीत. शतक उलटताना ही कोष्टके छापणेच बंद पडले आणि ते पुन्हा सुरू झाले २०१६ साली. त्यामुळे मधल्या वर्षांचे आकडे अंदाजाने भरावे लागतात आणि त्यांवर आक्षेप घेणारे अर्थशास्त्रज्ञही आहेत. तरी आलेखाचे वळण कोणत्या दिशेचे आहे, याविषयी फारसा संशय उरत नाही.

ते वळण असे आहे. १९२२ साली वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा सुमारे तेरा टक्के वाटा होता. दोन महायुद्धांमधल्या काळात तो वीस टक्क्यांच्या वर चढला. १९४० नंतर तो झपाट्याने उतरला आणि स्वातंत्र्य आले तेव्हा पुन्हा तेराच्या आसपास आला. १९५०-६० या दशकात थोडा वाढून नंतर तो वीस वर्षे सतत घटत गेला व १९८२ साली अवघ्या ६.१ टक्क्यांवर आला. त्यानंतर मात्र चढण लागली, ती २०२२-२३ च्या २२.६ टक्क्यांपर्यंत. हा वाटा १९२२ पासूनच्या कोणत्याही वर्षापेक्षा मोठा आहे. ज्या काळात संस्थानिकांचे हत्ती झुलत होते आणि जमीनदारांचे वाडे भरलेले होते, त्या काळापेक्षाही.

उतरण कशी झाली? ती आपोआप झाली नाही. युद्धकाळातील कर व महागाई यांनी आरंभ केला. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, अनेक प्रांतांत जमीनदारी गेली, आपल्याकडे १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक होण्याचा हक्क दिला. मृताच्या मालमत्तेवरील कर १९५३ साली, संपत्तीकर १९५७ साली आणि देणगीकर १९५८ साली लागू झाला. १९६९ मध्ये चौदा बँका सरकारने घेतल्या. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर अधिभारासह १९७३-७४ मध्ये ९७.७५ टक्के होता. म्हणजे त्या टप्प्यातल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी मिळवणाऱ्याच्या हाती सव्वादोन रुपये राहत.

पण या उतरणीचा पोवाडा गाऊन थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वरचा वाटा घटला म्हणून खालची ताटे भरली असे झाले नाही. तळच्या पन्नास टक्क्यांचा वाटा १९५१ मध्ये सुमारे २१ टक्के होता, तो १९८२ मध्ये २४ च्या जवळ गेला, इतकेच. आणि वाटायची भाकरीच फार हळू मोठी होत होती. १९६० ते १९९० या तीस वर्षांत माणशी खरे उत्पन्न वर्षाला सरासरी १.६ टक्क्यांनी वाढले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली 'भारतातील दारिद्र्य' हा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. १९६०-६१ मध्ये खेड्यांतील सुमारे चाळीस टक्के व शहरांतील सुमारे पन्नास टक्के लोकांना पोटापुरतेही अन्न मिळत नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता. उंच दरांचा कर कागदावर भयंकर दिसे. पण काळ्या पैशाला त्यानेच खत घातले, असे सरकारने नेमलेल्या वांच्छू समितीने १९७१ मध्ये सांगितले आणि त्यानंतर दर उतरू लागले. समतेसाठी कर हवा हे खरे. परंतु जो कर वसूल होत नाही त्याने समता येत नाही, हेही तितकेच खरे.

आता चढणीकडे वळू. १९८० नंतर परवान्यांचे बंध सैल होऊ लागले. १९९१ मध्ये ते मोठ्या प्रमाणावर तुटले. भाकरी वेगाने मोठी होऊ लागली. १९९० ते २०२२ या काळात माणशी खरे उत्पन्न वर्षाला सरासरी ३.६ टक्क्यांनी वाढले. दारिद्र्यही घटले. अत्यंत गरिबांचे प्रमाण २०११-१२ मध्ये १६.२ टक्के होते, ते २०२२-२३ मध्ये २.३ टक्के झाले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. हे श्रेय नाकारणे कृपणपणाचे ठरेल. पण वाढलेल्या भाकरीतील मोठा तुकडा कोणाच्या ताटात पडला, हा प्रश्न उरतोच. तळच्या पन्नास टक्क्यांचा वाटा २४ वरून १५ टक्क्यांवर आला.

याचे मुख्य कारण आम्हाला असे दिसते. दुसऱ्या देशांत शेतीतील माणसे कारखान्यांत गेली आणि मग कारखान्यांतून कचेऱ्यांत. आपल्याकडे वाढ झाली ती संगणक, वित्तव्यवहार, दूरसंचार अशा, थोड्या पण शिकलेल्या माणसांवर चालणाऱ्या उद्योगांत. २०२२-२३ मध्ये देशातील कामकऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के शेतीत होते आणि देशाच्या उत्पादनात शेतीचा वाटा होता अवघा १८ टक्क्यांच्या आसपास. जवळजवळ निम्म्या माणसांनी पाचव्या हिश्श्याहूनही कमी उत्पन्नात भागवायचे, हे गणित जोवर बदलत नाही तोवर मागच्या पन्नास खुर्च्या पुढे सरकणे कठीण आहे. ज्याच्याजवळ चांगले शिक्षण होते किंवा भांडवल होते, त्याला नव्या वाटेवर गाडी मिळाली. इतरांना पायीच जावे लागले.

भांडवलाचा उल्लेख आला, म्हणून शेताकडे, म्हणजे संपत्तीकडे पाहू. कर्ज आणि मालमत्ता यांची देशव्यापी पाहणी साधारण दर दहा वर्षांनी होते. तिच्या आधाराने केलेला अंदाज असा की, १९६१ मध्ये वरच्या दहा टक्के लोकांजवळ देशाची ४५ टक्के संपत्ती होती. २०२२-२३ मध्ये ६५ टक्के झाली. त्यांतल्या एकट्या पहिल्या खुर्चीजवळ ४०.१ टक्के आहे. मागच्या पन्नास खुर्च्यांजवळ मिळून ६.४ टक्के. शंभर कोटी डॉलरांहून अधिक संपत्तीच्या धनिकांची जी जागतिक यादी निघते, तिच्यात १९९१ मध्ये एकच भारतीय होता. २०२२ मध्ये १६२ होते.

संपत्तीची विषमता उत्पन्नाच्या विषमतेहून अधिक गंभीर का? उत्पन्न माणसाबरोबर संपते. संपत्ती मुलाबाळांकडे जाते. शहरालगतची दोन एकर जमीन असलेल्या गृहस्थाने वीस वर्षे काही केले नाही तरी तिची किंमत वाढत राहते, आणि त्याच वीस वर्षांत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कष्टाळू माणसाला तेथे घर घेणे दरवर्षी अधिक दूरचे होत जाते. एकाच्या संपत्तीची वाढ ही दुसऱ्याच्या भाड्याची वाढ असते. अशा वेळी वारशावर काही कर असावा की नसावा, हा प्रश्न येतो. आपल्याकडे तो १९८५ मध्ये रद्द झाला. संपत्तीकर २०१५ मध्ये गेला. २०१३-१४ मध्ये त्याचे उत्पन्न अवघे १,००८ कोटी होते आणि वसुलीचा त्रास मोठा, असे कारण देण्यात आले व त्याऐवजी मोठ्या उत्पन्नावर अधिभार बसवला गेला. ते कारण अगदी पोकळ नव्हते. पण त्यामुळे झाले असे की, पगारावर कर राहिला आणि बसल्या जागी वाढणारी मालमत्ता विकली जाईपर्यंत मोकळी राहिली.

येथे एक सज्जन विचारतील, "गरीबही पूर्वीपेक्षा बरे खातो-पितो ना? मग शेजारी कितीही श्रीमंत झाला तर त्याचे काय बिघडले?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला मत्सर म्हणून उडवून लावता येत नाही. आमचे उत्तर असे की, काही वस्तू शेजाऱ्याशी स्पर्धा करूनच मिळवाव्या लागतात. धान्य अधिक पिकवता येते. पण शहरातील जमीन, नामांकित महाविद्यालयातील जागा, अधिकाऱ्याच्या दारातील ओळख या मोजक्याच असतात. तेथे पहिल्या खुर्चीची बोली चढली की मागची खुर्ची होती तेथून आणखी मागे जाते. मागच्या पन्नास खुर्च्यांवरील घरात आज जन्मलेली मुलगी आपल्या बुद्धीच्या बळावर चाळीस खुर्च्या पुढे येऊ शकेल का, ही विषमतेची खरी कसोटी आहे. मधल्या वाटा मोकळ्या असतील तर खुर्च्यांतील अंतर सोसता येते. वाटाच विकत घ्याव्या लागत असतील तर सोसता येत नाही.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ साली असे अनुमान मांडले की, उद्योगीकरणाच्या आरंभी विषमता वाढते आणि पुढे देश समृद्ध झाला की ती आपोआप उतरते. आपल्या प्रतिपादनात पुरावा थोडा आणि तर्क फार आहे, हे त्यांनी स्वतःच मान्य केले होते; पण धीर देणारे मत म्हणून जगाने ते उचलून धरले. भारताचा आलेख त्या अनुमानाच्या नेमका उलटा आहे. देश गरीब होता तेव्हा विषमता उतरली. समृद्धीकडे वळला तेव्हा ती चढली. यावरून समृद्धी वाईट असा अर्थ काढू नये. अर्थ एवढाच की, विषमता ही पावसासारखी आकाशातून पडत नाही. ती कायदे, कर, शाळा आणि जमिनीचे नियम यांतून घडते. म्हणून ती बदलताही येते. पूर्वीच्या पिढीने ती बदलली, पण भाकरी मोठी करायचे तिला साधले नाही. नंतरच्या पिढीला भाकरी मोठी करणे साधले, पण वाटणीचा तिला विसर पडला. दोन्ही एकत्र साधायचे काम अजून व्हायचे आहे.

ते अशक्य नाही याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रात रोजगार हमी योजना सुरू झाली. मागेल त्याला काम, हा तिचा मंत्र. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. पुढे २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी असा कायदा केला, त्यामागे हाच अनुभव होता. या कामाचा पैसा कोठून आला? १९७५ मध्ये शहरातील नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्यावर व्यवसायकर बसवण्यात आला, तो यासाठीच. पुढच्या खुर्च्यांनी मागच्या खुर्च्यांसाठी थोडे द्यायचे, आणि तेही भिक्षा म्हणून नव्हे तर कामाचा मोबदला म्हणून, असा तो व्यवहार होता.

हा कर आजही आहे. महिन्याच्या पगारपत्रकावर दोनशे रुपयांची ती एक ओळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल, आणि ती कशासाठी कापली जाते हे विचारले नसेल. पुढच्या महिन्यात ते पत्रक हाती आले की त्या ओळीवर क्षणभर थांबावे, आणि या मंडपात आपली खुर्ची कितवी आहे ते आठवून एकदा मागे वळून पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.